मामाने बस शिकवली

मी शिक्षकांना शिकवतो. ज्या मुलांना शिकताना वेगळी मदत लागते, त्यांना कसं शिकवावं हे मी शिक्षकांना सांगतो. गेली कित्येक वर्षं हे काम मी गार हॉलमध्ये, हातात माइक आणि शेजारी पाण्याची बाटली घेऊन करत आलो आहे. या सगळ्यात प्रत्यक्ष मूल कुठे येतं, असं कोणी विचारलं तर पडद्यावरच्या फोटोत येतं. फोटो चांगला असतो.

माझं एक ठरलेलं वाक्य आहे, "संशोधन असं सांगतं..." ते मी इतक्यांदा म्हणतो की घरी चहाचा कप पुढे करताना बायको विचारते, "साखर बरोबर आहे ना? की संशोधनाला विचारून सांगतोस?"

तर ही गोष्ट माझ्या भाचीची, ताईच्या मुलीची. ती बावीस वर्षांची आहे आणि घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात. ती पाळण्यात असताना मेव्हण्यांनी हे नाव ठेवलं आणि ते साफ चुकलं, कारण आजवर तिला घाई करताना कोणी पाहिलेलं नाही. भिंगरीला डाउन सिंड्रोम आहे. ती सावकाश बोलते, सावकाश जेवते, आणि एकदा तिने ठरवलं की ठरवलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे ती जाते. हॉटेलांचे टॉवेल आणि चादरी तिथे धुतल्या जातात आणि त्यांना इस्त्री करून घड्या घालायचं काम ती शिकते. घडीच्या बाबतीत ती फार कडक आहे. कोपऱ्याला कोपरा भिडला नाही तर टॉवेल पुन्हा उलगडणार, मग मागे कितीही ढीग साचो.

तिला रोज गाडीने सोडायचं आणि आणायचं काम ताईचं. "बसने पाठवून बघ," असं केंद्राच्या बाईंनी सुचवलं होतं, पण ताईचं उत्तर एकच असे, "मला काही त्रास नाही." मग ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी घातली. मेव्हणे कारखान्यात पाळीवर. सकाळी ते घरी येतात तेव्हा त्यांचे डोळे मिटत असतात.

हा विषय रविवारी जेवणाच्या टेबलावर निघाला. नेमका आदल्याच दिवशी मी 'स्वावलंबी प्रवास' या विषयावर भाषण देऊन टाळ्या घेऊन आलो होतो. टाळ्या अजून अंगातून उतरल्या नव्हत्या.

"थोडे दिवस राहू दे केंद्र," ताई म्हणाली. "घरी बसेल."

"घरी नाही," भिंगरी म्हणाली.

"अगं, मग नेणार कोण तुला?"

"बस."

मी घसा खाकरला. "हे बघ ताई, संशोधन असं सांगतं..."

बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पण मी सुटलो होतो. कोणतंही काम बारीक तुकडे करून, एकेक तुकडा करून दाखवत, मदत हळूहळू काढून घेत शिकवलं तर शिकवता येतं, वगैरे वगैरे. शेवटी म्हणालो, "मी शिकवतो तिला बस."

"तू?" ताई म्हणाली.

"मीच तर शिकवतो सगळ्यांना."

"सगळ्यांना शिकवतोस रे. पण कधी कोणाला शिकवलंयस?"

यावर मेव्हणे इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला ते लागलं, पण तसं दाखवलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी कामाला लागलो. बसने जाण्याचे तुकडे पाडायला घेतले आणि मला त्याचा छंदच लागला. दाराबाहेर पडणे, कुलूप बघणे, जिना उतरणे, फाटक उघडणे, फाटक लावणे. फाटकापाशी पोचेपर्यंत कागद भरला. बायकोने तो बघितला आणि म्हणाली, "श्वास घेणे राहिलं की!"

मग ताईच्या हॉलमध्ये मी खुर्च्या ओळीने मांडून बस तयार केली. पुढे मी ड्रायव्हर. माझ्या हातात स्टीलचं ताट, ते स्टिअरिंग. भिंगरीने गळ्यातलं बसचं कार्ड काढून टीपॉयला टेकवायचं, मी तोंडाने 'टिंग' करायचं, मग तिने खिडकीशी बसायचं.

भिंगरी उभीच राहिली.

"चढ," मी म्हणालो.

"मामा, ही खुर्ची आहे."

"हो गं, पण समज की बस आहे."

"बस खाली आहे," तिने खिडकीतून बोट दाखवलं. खरंच, कोपऱ्यावरच्या स्टॉपवर बस उभी होती. खरी, मोठी, धूर सोडणारी. जे काम जिथे करायचं तिथेच ते शिकवावं, हे माझ्या भाषणाचं तिसरंच वाक्य आहे. टाळ्या तिथेच पडतात. ताट मी गुपचूप स्वयंपाकघरात ठेवून आलो.

पण मी हरलो नाही. प्रत्यक्ष बसमध्ये नेण्याआधी एक व्हिडिओ करायचं ठरवलं. काम नीट करणाऱ्या माणसाचा व्हिडिओ पाहून मुलं छान शिकतात, याला भक्कम आधार आहे. नीट काम करणारा माणूस म्हणून मी स्वतःची निवड केली. चित्रीकरण बायकोचं. मी स्टॉपवर उभा राहिलो, बस आली, हात केला, चढलो, कार्ड टेकवलं, बसलो, खिडकीबाहेर बघितलं, बेल दाबली, उतरलो. एका दमात झालं. भिंगरीने तो व्हिडिओ मन लावून पाहिला. पुन्हा पाहिला. जेवताना पाहिला.

मग आम्ही खऱ्या स्टॉपवर गेलो. बस आली. भिंगरीने ऐटीत हात केला. मग ती खाकरली. मग दोन्ही खिसे चाचपले, तिसरा खिसा चाचपला, "कुठे गेलं हे मेलं कार्ड!" असं म्हणाली, कपाळावर हात मारला, गळ्यातलं कार्ड काढून टेकवलं, ड्रायव्हरकडे बघून "जरा हळू चालवा हो, माणसं आहेत!" असं सुनावलं आणि खिडकीशी जाऊन बसली.

ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

घरी आल्यावर व्हिडिओ लावला. सगळं होतं त्यात. खाकरणं, खिसे, कपाळ, ड्रायव्हरला टोमणा, अगदी तसंच. एवढी वर्षं मी बसमध्ये असा वागतो हे मला माहीतच नव्हतं. "मला माहीत होतं," बायको म्हणाली. नवा व्हिडिओ तिने स्वतःचा केला, शांत आणि नेटका. तो पाहून भिंगरी ड्रायव्हरला 'थँक्यू' म्हणायला शिकली.

पुढे रोज मी तिच्याबरोबर बसने जायला-यायला लागलो. चढणं, कार्ड, बसणं हे पटकन जमलं. अवघड काम होतं उतरण्याचं. केंद्राच्या आधी रस्त्याच्या कडेला पाण्याची एक उंच टाकी येते, तिला निळा जिना आहे. टाकी दिसली की बेल दाबायची.

इथे शिकवणाऱ्याने गप्प बसायचं असतं. विचारावं आणि थांबावं. मुलाला विचार करायला वेळ द्यावा. हे सांगताना मी हॉलमध्ये मुद्दाम थांबून दाखवतो आणि सगळे माना डोलावतात. बसमध्ये मात्र टाकी लांबून दिसली की मला राहवायचं नाही. "भिंगरी, बाहेर काय दिसतंय? उंच काय दिसतंय? निळं काय आहे?" असं मी एका श्वासात विचारायचो आणि चौथा प्रश्न म्हणून तिचं बोट धरून बेलवर ठेवायचो.

शेवटी निग्रह केला. तोंड बंद. हात मांडीखाली. आणि चमत्कार झाला. टाकी आली आणि भिंगरीने बेल दाबली. दुसऱ्या दिवशी दाबली, तिसऱ्या दिवशी दाबली. मी ताईला फोन करून सांगितलं, बायकोला सांगितलं, वर्गातल्या शिक्षकांना सांगितलं, सांगताना आवाजात थोडा कंप आणला.

चौथ्या दिवशी मला शिंक आली. एकामागून एक येतच राहिली आणि मी रुमालात तोंड खुपसून बसलो. टाकी आली, टाकी गेली. भिंगरी वाकून माझ्या रुमालाखाली बघत होती.

"काय बघतेस?"

"भुवया."

टाकी आली की माझ्या भुवया वर जात होत्या. पोरगी खिडकीबाहेर बघतच नव्हती. एवढे दिवस ती माझं कपाळ वाचत होती. आम्ही तीन स्टॉप पुढे उतरलो आणि उन्हातून चालत परत आलो. वाटेत तिने मला तिच्या बाटलीतलं पाणी दिलं.

त्यानंतर मी तिच्या मागच्या सीटवर बसायला लागलो. भुवया दिसल्या नाहीत तेव्हा तिला नाइलाजाने टाकी बघावी लागली. एकदा चुकली, पुन्हा एकदा चुकली, मग जमायला लागलं. मी एकेक सीट मागे सरकत गेलो. मग शेवटचा टप्पा आला. तिने एकटीने जायचं आणि मी फक्त लांबून लक्ष ठेवायचं.

"आज मी बसमध्ये असेन," मी तिला बजावलं. "पण तू समज मी नाहीच. माझ्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. ओळख दाखवायची नाही. तू एकटी आहेस."

"एकटी," भिंगरी म्हणाली आणि तिचा चेहरा उजळला.

मी मेव्हण्यांचा ढगळ कोट घातला, टोपी कपाळावर ओढली, काळा चष्मा लावला आणि वर्तमानपत्र घेतलं. आरशात बघून मला वाटलं, ओळखूच येणार नाही. ते खरं होतं. फक्त मी माझ्यासारखा दिसत नव्हतो, याचा अर्थ मी बरा दिसत होतो असा नव्हे.

भिंगरी पुढच्या दाराने चढली, मी मागच्या. ती खिडकीशी बसली. गर्दीत मला तिचं डोकं दिसेना, म्हणून मी एक सीट पुढे आलो. मग आणखी एक. तिने मान वळवली की पेपर वर, फिरवली की पेपर खाली. माझ्या समोरच्या बाकावर एक उंच, ताठ बाई बसल्या होत्या. त्या शाळेत कवायत शिकवून निवृत्त झाल्या होत्या हे नंतर कळलं, पण आवाजावरून आधीच कळायला हवं होतं.

"ओ मिस्टर!"

अख्खी बस वळली.

"त्या मुलीकडे काय बघताय मघापासून? पेपर उलटा धरलाय तुम्ही."

पेपर उलटा होता.

"मी तिचा मामा आहे," मी हळूच म्हणालो.

"असं? बाळ," बाईंनी भिंगरीला हाक मारली, "हे तुझे मामा आहेत का गं?"

भिंगरीने वळून माझ्याकडे बघितलं. शांतपणे, पायापासून टोपीपर्यंत. विचारावं आणि थांबावं म्हणतात ना, अख्खी बस थांबली होती.

"नाही," ती म्हणाली. "मी एकटी आहे."

मग ती पुन्हा खिडकीकडे वळली, कारण टाकी आली होती. तिने बेल दाबली, ड्रायव्हरला 'थँक्यू' म्हणाली आणि उतरली. मीही उठलो. बाईंनी माझा कोट धरला, दोन धट्ट्याकट्ट्या माणसांनी मला धरलं, आणि बस मला घेऊन निघाली. मागच्या काचेतून मला भिंगरी दिसली. रस्त्याच्या कडेने, पिशवी सावरत, आपल्या चालीने चालली होती.

डेपोत मला एका खोलीत बसवलं. तिथल्या साहेबांनी विचारपूस सुरू केली. मी म्हणालो, "पुरावा आहे," आणि फोन काढून दिला. फोनमध्ये तिचे बसस्टॉपवरचे कितीतरी व्हिडिओ होते, पाठमोरे, लांबून, झाडाआडून काढलेले. मी ते प्रगतीची नोंद म्हणून काढले होते. एकेक व्हिडिओ पाहताना साहेबांचा चेहरा दगडासारखा होत गेला. कवायतीच्या बाई "शी!" म्हणाल्या.

"संशोधन असं सांगतं..." मी सुरुवात केली.

"गप्प बसा," साहेब म्हणाले.

शेवटी ताईला फोन लावला. साहेबांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"बाई, इथे एक गृहस्थ आहेत, ते म्हणतात की..."

"ताई, मी आहे!" मी ओरडलो.

"भिंगरी कुठे आहे?"

"उतरली. बरोबर स्टॉपवर. एकटीच."

"बाई," साहेब म्हणाले, "हे तुमचे भाऊ आहेत का?"

"थांबा हो जरा," ताई म्हणाली आणि फोन बंद झाला.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी टोपीकडे बघितलं. थोड्या वेळाने फोन वाजला. ताई रडत होती, आणि एका डोळ्याला पट्टी असल्याने डॉक्टरांनी नको म्हटलेलं तेच ती करत होती.

"पोचली रे. केंद्रातल्या बाईंशी बोलले. हातपाय धुऊन घड्या घालायला बसलीसुद्धा."

"ताई, आधी यांना सांग..."

"हो, हो. भाऊ आहे तो माझा. जरा येडा आहे, पण सोडा त्याला."

साहेबांनी फोन परत दिला. कवायतीच्या बाई काही ओशाळल्या नाहीत. दारापर्यंत माझ्याबरोबर आल्या आणि म्हणाल्या, "मामा आहात तर मग टोपी कशाला घालायची ती?" वर म्हणाल्या, "रोज याच बसने असते ना ती? असू दे. मीही असते."

मी तडक केंद्रावर गेलो. भिंगरी टॉवेलांच्या ढिगामागे बसली होती. मला बघून तिने हातातला टॉवेल आधी पुरा केला.

"मला ओळखत नाही म्हणालीस?"

"तूच सांगितलंस."

"हो, सांगितलं. बरोबर केलंस." मी मोठ्या मनाने म्हणालो. सांगितलेलं ती शब्दशः पाळणार हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, शिकवणाऱ्याने सूचना नेमकी द्यावी, असं काहीतरी मी मनात जुळवतही होतो. पुढच्या भाषणात हा किस्सा छान बसला असता.

तेवढ्यात तिचे खांदे हलायला लागले. तिने टॉवेल तोंडावर धरला, पण हसू आवरेना.

"मामा घाबरला," ती शेजारच्या मुलीला म्हणाली. "टोपी अशी झाली!" तिने टॉवेल डोक्यावर तिरका ठेवून दाखवला. आणि मग भुवया वर केल्या. माझ्याच. अगदी तशाच.

मी तिथल्या स्टुलावर बसून राहिलो. इतके दिवस मी तिला काय काय येतं याची नोंद ठेवत होतो. तिला माझी गंमत करता येते, भर बसमध्ये, चेहरा सरळ ठेवून, हे कुठल्याच रकान्यात नव्हतं. मला राग यायला हवा होता. आला नाही. फार दिवसांनी कोणीतरी मला बरोबरीचं समजून टोपी घातली होती, असं काहीसं वाटत होतं.

ताईचा डोळा बरा झाला. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली त्या सकाळी तिने किल्ल्या उचलल्या. भिंगरी गळ्यात कार्ड अडकवून दारात उभी होती.

"चल, सोडते."

"नको. मी बस."

त्याच संध्याकाळी ताईने मला फोन केला. मला वाटलं, आभार मानायला असेल, म्हणून मी आवाज जरा नम्र केला.

"मला खरंच काही त्रास नव्हता रे तिला सोडायला," ती म्हणाली. "सगळ्यांना वाटायचं मी भिते. भीत होतेच. पण गाडीत ती मला सगळं सांगायची. कोण काय बोललं, कोणाच्या घड्या वाकड्या झाल्या. घरी आली की सांगत नाही. आता बसमधल्या त्या बाईंना सांगते म्हणे."

मी काहीच बोललो नाही. मुद्दाम, जाणीवपूर्वक, योग्य पद्धतीने थांबलो असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे काय बोलावं ते सुचलं नाही. थोड्या वेळाने ताईच म्हणाली, "ठेवते. तिची यायची वेळ झाली." आणि ठेवला.

मागच्या आठवड्यात भिंगरी संध्याकाळी वेळेवर घरी आली नाही. एक बस आली, दुसरी आली. ताईने मला बोलावलं, मी धावत गेलो. मेव्हणे स्टॉपवर, मी फाटकात, ताई खिडकीत. केंद्रातून ती वेळेवर निघाली होती. मी सगळे तुकडे मनातल्या मनात उलटसुलट तपासत होतो, कुठला शिकवायचा राहिला ते शोधत होतो.

मग कोपऱ्यावरून ती आली. बसने नाही, चालत. केंद्रातली तिची मैत्रीण बरोबर होती. आणि भिंगरीचे ते कमरेपर्यंतचे केस, जे ताई रोज सकाळी विंचरून घट्ट वेणी घालायची, ते नव्हते. मानेपर्यंत कापलेले, एका बाजूला वळवलेले. मैत्रिणीच्या ओळखीच्या पार्लरमध्ये दोघी दोन स्टॉप आधी उतरून गेल्या होत्या. कापायचं हे तिने कधी ठरवलं, कोणाला ठाऊक.

ताई धावत खाली आली. आधी तिने भिंगरीला जवळ ओढलं, मग लांब धरून बघितलं, मग ती ओरडली, मग तिला रडू आलं, मग केसांवरून हात फिरवता फिरवता हसू आलं. शेवटी ती माझ्याकडे वळली.

"हे तू शिकवलंस का रे तिला?"

"नाही ताई," मी म्हणालो. "यातलं काहीच मी शिकवलेलं नाही."

भिंगरीचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ती मेव्हण्यांना गोल फिरून दाखवत होती.

"बाबा, मागून पण बघा," ती म्हणाली. "मागून जास्त छान आहे."